एका रात्रीत ग्रेटना ग्रीन?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत धारावाहिक कादंबरीचे नववे प्रकरण वाचले. नायिका आणि तिचा कॅप्टन रात्री नऊला लंडनहून पळाले आणि कोंबडा आरवायच्या सुमारास ग्रेटना ग्रीनला, म्हणजे इंग्लंडातली पळपुटी जोडपी जिथे लग्न करायला जात त्या स्कॉटलंडच्या सीमेवरच्या गावी, लग्न लावणाऱ्या लोहारापुढे हजर! लेखिकाबाईंनी नकाशा तरी उघडायचा. हे अंतर ३२० मैलांच्या आसपास, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या वर. आज रात्री पुण्याहून सुटलेली स्लीपर बस सकाळी हैदराबादला पोचते, पण ती डिझेलवर आणि डांबरी रस्त्यावरून. कादंबरीतले साल १८१३ आहे.

हिशेब सरळ आहे. भाड्याची पोस्ट शेज (टप्प्याटप्प्याला घोडे बदलत जाणारी बंद घोडागाडी), चार घोडे, कोरडा रस्ता असे सगळे जुळून आले तर ताशी आठ, फार तर नऊ मैल. दर दहा-बारा मैलांवर सराय, तिथे घोडे बदलायचे; म्हणजे वाटेत पंचवीस-तीस वेळा बदल. घोडे तयार असले तर काम काही मिनिटांचे. नसले तर आलेलीच जनावरे दाणापाणी करून दम घेईपर्यंत सरायीच्या अंगणात बसून राहा. ग्रँथम, डॉनकास्टर, बरोब्रिजपर्यंत रस्ता बरा. स्कॉच कॉर्नरला डावीकडे वळले की स्टेनमोअरचा चढ, मग पेन्रिथ, मग कार्लाइल. कुठेही न झोपता गेले तरी दीड दिवस मोडतो आणि दुसरी रात्रही गाडीतच जाते. भाडे दोन घोड्यांना मैलाला शिलिंगाच्या वर, चार जुंपले की दुप्पट. शिवाय टोलनाके आणि बक्षिशी. घरातल्या मोलकरणीचा दोन वर्षांचा पगार सहज उडावा इतका हा खर्च. आपला कॅप्टन मात्र दुसऱ्याच प्रकरणात पत्त्यांवर सगळे हरून बसलेला आहे. पैसे कुठून आले, हे विचारायचे नाही.

खरा राग आला तो त्या ‘विश्वासू गाडीवाना’चा. हे काका म्हणे पुढच्या बाकावर बसून मधूनमधून मागे वळून हसतात, नायिकेच्या अंगावर घोंगडी टाकतात आणि शेवटी लग्नाला साक्षीदार म्हणून उभे राहतात. पोस्ट शेजला पुढे बाक नसतोच! म्हणून तर आतल्या दोघा-तिघांना समोरच्या काचेतून रस्ता दिसतो. हाकणारा बसतो डाव्या घोड्याच्या पाठीवर, चार घोडे असले तर दोघे हाकणारे. त्याला पोस्टबॉय म्हणायचे, मग तो पन्नाशीचा का असेना. उजव्या पायाला लोखंडाच्या पट्टीचा जाड संरक्षक बूट, कारण दोन घोड्यांच्या मधल्या दांड्यावर पाय चेचला जाई. आणि तो सरायीचा नोकर. पुढच्या सरायीपर्यंत गाडी न्यायची, आपले घोडे घेऊन परत फिरायचे. लंडनच्या माणसाचे तोंड स्कॉटलंडात दिसणेच शक्य नाही. पन्नास-साठ अनोळखी पोस्टबॉय, प्रत्येकाला पळपुटे जोडपे लगेच ओळखू येणार आणि प्रत्येकजण बक्षिशीसाठी हात पुढे करणार. मागून बाप आला की तेच हात त्याच्याही पुढे! हलकीफुलकी कादंबरी लिहिणाऱ्याला याहून आयते काय हवे? पुढच्या सरायीतले झाडून सगळे घोडे भाड्याने घेऊन ठेवले की बाप अंगणात पाय आपटत बसतो, एवढ्यावर दोन प्रकरणे निघाली असती. बाईंनी ती चंद्रप्रकाशात घालवली.

कायद्याचीही तीच तऱ्हा. १७५३च्या हार्डविक कायद्यानुसार एकवीस वर्षांखालच्या मुलीला परवाना काढून लग्न करायचे तर बापाची संमती लागे. परवाना नको तर चर्चमध्ये तीन रविवार नावे पुकारायची; तिथे बापाने उठून हरकत घेतली की विषय संपला. लग्नाची वेळही सकाळी आठ ते बारा. आर्चबिशपचा खास परवाना मिळाला तर वेळेची आणि जागेची अट सुटे, संमतीची नाही. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. दोन साक्षीदारांपुढे ‘आम्ही नवरा-बायको’ म्हटले की झाले. एकवीस दिवस राहण्याची अट आली ती १८५६ साली. आणि तिकडे लागलेले लग्न इंग्लंडातही पक्केच. तेव्हा प्रकरणाच्या शेवटी नायिकेचे वडील अर्लसाहेब ‘हे लग्न मी कोर्टातून मोडून काढीन’ म्हणून गरजतात, ते निव्वळ गरजणेच. त्यांचे खरे हत्यार तिजोरीची किल्ली. रीतसर लग्नाआधी दोन्हीकडचे वकील बसून करार लिहीत: बायकोच्या हातखर्चाला वर्षाला किती, नवरा गेल्यावर तिला किती, धाकट्या मुलांना किती. पळून गेले की कराराचा कागदच नाही; तिच्या नावची रोकड आणि दागिने सरळ नवऱ्याचे, आणि हुंडा बापाने दिला तर दिला. त्या काळचे बाप घोड्यांना फेस येईपर्यंत मागे धावत ते यासाठी.

तिसऱ्या प्रकरणात ऑलमॅक्समध्ये (लंडनमधल्या बड्या घरच्यांच्या नाचघरात) शॅम्पेन वाहिली तेव्हा मी पत्र पाठवले होते. तिथे लिंबू सरबत, चहा आणि लोणी लावलेल्या पावाचे पातळ काप मिळत, हे त्या काळच्या वर्णनांत पानोपानी आहे. ‘मजकूर हलकाफुलका आहे, कृपया मनावर घेऊ नये’ असे आपल्या पुरवणी विभागाचे उत्तर आले. घेतले नाही. पण मग नायिकेच्या काकांना ‘सर’ आणि पुढे आडनाव, हे नऊ प्रकरणे चालले आहे, त्याचे काय? ‘सर’च्या पुढे माणसाचे स्वतःचे नाव येते. टिळक रस्त्यावरच्या कॉलेजला आपण सर परशुरामभाऊ म्हणतो, सर पटवर्धन म्हणतो का? पुणेकरांच्या पेपरात एवढे तरी मुद्रितशोधकाला दिसावे. आणि पहिल्याच नाचात नायिका ड्यूकला ‘अरे, तू’ म्हणते. इंग्रजीत एकच सर्वनाम आहे म्हणून मराठीने आपली तीन गहाण टाकायची का?

चित्रकारांना एवढेच सांगावे की तंबूएवढ्या घेराचा पोलादी कड्यांचा झगा १८५०च्या दशकातला. १८१३ची कंबर छातीच्या लगेच खाली आणि कापड अंगासरशी पडणारे, बहुतेक वेळा मलमल. (दरबारात राणीपुढे जाताना तेवढा जुना घेर सक्तीचा होता, १८२० पर्यंत. पण चित्रातली बाई खिडकीतून उडी मारते आहे.)

जाता जाता: त्याच पानावरच्या शब्दकोड्यात १७ उभा शब्द चार अक्षरी दिला आहे आणि चौकटी पाच आहेत. गेल्या रविवारीही असेच झाले होते.

आपली,
एक नियमित वाचक
एरंडवणे, पुणे ४