काचेपलीकडची प्रेस

डॅलस,
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवरच सांगणार होते. पण बाबा फोन कानाला लावला की दुसऱ्या मिनिटाला "घे, आईशी बोल" म्हणतात. म्हणून पत्र. आईच्या डोळ्यांचं निमित्त आहेच, तेव्हा बाबांनीच मोठ्याने वाचून दाखवायचं. म्हणजे त्यांनाही ऐकावं लागेल.

शुक्रवारी चिऊला शाळेला सुट्टी होती, तर आम्ही दोघी फोर्ट वर्थला जाऊन आलो. तिथे डॉलर छापतात. अमेरिकेत नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेस दोनच, एक वॉशिंग्टनला आणि दुसरी ही. हिचं उद्घाटन 1991 चं, म्हणजे आपल्या नाशिकरोडच्या प्रेसपुढे अगदीच पोर. आपल्याकडे पाच रुपयांची नोट 1928 ला छापली होती, हे बाबांचं पाहुण्यांसमोरचं ठरलेलं वाक्य. त्यापुढे प्रेसबद्दल एक अवाक्षर नाही!

आणि बाबा, इथे कोणीही आत जाऊन बघू शकतं. तेही फुकट. मोबाइल गाडीत ठेवायचा, विमानतळासारखी तपासणी करून घ्यायची, बास. तुम्ही चौतीस वर्षं ज्या दारातून आत गेलात, त्या दारापलीकडे आई एकदाही गेली नाही. मी तर डबा द्यायला आले तरी गेटवरच्या शिपायाकडे देऊन परत. इथे चिऊ वरच्या काचेच्या पुलावर नाक टेकवून उभी होती आणि खाली तिच्या आजोबांचं काम चाललेलं.

एका तावावर पन्नास नोटा. पूर्वी बत्तीस असायच्या म्हणे. आधी फिकट रंगांची पार्श्वभूमी, मग मागची हिरवी बाजू. ती वाळायला तीन दिवस ठेवायची, त्यानंतर पुढची काळी बाजू, की पुन्हा वाळवण. चिऊला वाटलं होतं, एका टोकाला कागद घातला की दुसऱ्या टोकाला पैसे पडतात. तीन दिवस म्हटल्यावर ती म्हणाली, "आजीच्या कुरडयांसारखं?" हो, तस्संच.

इंटॅग्लिओचं मशीन मात्र मी पुन्हा पुन्हा बघितलं. शाई फक्त प्लेटच्या कोरलेल्या रेघांत उरते आणि वीसेक टनांच्या दाबाने कागद त्या रेघांत शिरून शाई उचलतो. म्हणून नवी नोट बोटाला खरखरीत लागते. आई, तू पाचशेची नोट अंगठ्याने कडेच्या पाच रेषा चाचपून ओळखतेस ना, ती याचीच करामत. डॉलरला ती सोय नाही. एकापासून शंभरापर्यंत सगळ्या नोटा एकाच मापाच्या, बोटांना कळेल अशी खूणही नाही. अंधांसाठी सरकार नोट ओळखून बोलणारं यंत्र देतं. तू इथल्या भाजीबाजारात शंभराची नोट एकाची समजून देऊन आली असतीस. आपल्या नोटेवर शेजारी शेजारी पंधरा भाषा असतात, त्यात "शंभर रुपये" हेही वाचता येतं. इथे इंग्रजी, आणि थोडं लॅटिन.

खाली एकजण तावांच्या चळतीतून एक ताव ओढून दिव्याखाली धरत होता. भिंगातून बघायचा, बोट फिरवायचा, बाजूला ठेवायचा. पुन्हा दुसरा. वर आम्ही वीस-पंचवीस माणसं काचेला चिकटलेलो, पण त्याने एकदाही मान वर केली नाही. समोर लाखो डॉलर, आणि चेहरा तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखा. बाबा, पगाराचे पैसे आईच्या हातात देताना तुम्ही एखादी नोट उजेडात धरायचात, तेव्हा मला वाटायचं तुम्ही खोटी आहे का बघताय. तुम्ही छपाई बघत होतात ना?

बिघडलेल्या नोटेच्या जागी घालतात त्या नोटेच्या नंबरात इथेही चांदणी असते. आपल्याकडे ती 2006 ला आली, त्या वर्षी तुम्ही दहाच्या नोटेवरची चांदणी मला दाखवली होती. तेवढंच काय ते प्रेसचं गुपित तुमच्याकडून फुटलं, आणि तेही रिझर्व्ह बँकेने जाहीर केल्यानंतर.

बाहेर दुकान आहे. तिथे न कापलेले ताव विकतात, दर्शनी किमतीहून बरेच महाग, म्हणजे पैसे विकत घ्यायचे पैसे. मी चुरा केलेल्या नोटांची एक लहान पिशवी घेतली. इथे छापलेल्या नोटेवर समोर बारीक "एफडब्ल्यू" असतं. चिऊने गाडीत बसल्या बसल्या माझी पर्स उपडी करून अकरापैकी सात शोधून काढल्या. आता कोणी भेटलं की त्याचं पाकीट मागते. हे खूळ कधी उतरेल देव जाणे.

पिशवी दिवाळीत येताना आणते. एक मात्र राहून गेलं. काचेमुळे आवाजही दबका येत होता आणि वास तर अजिबात नाही. तुम्ही ड्यूटीवरून आल्यावर दारामागे शर्ट अडकवायचात, त्याला जो वास यायचा, तो शाईचा होता की शाई पुसायच्या कशाचा? आईला विचारलं तर ती म्हणेल, "घामाचा." पण तुम्ही सांगा. आता रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, एवढं सांगायला हरकत नसावी.

आईने गुडघ्याचं तेल संपवलं असेल तर फोनवर सांगावं.

तुमची,
धाकटी