अण्णा, तुमच्या भिंगासकट आभार

अण्णा, नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय उडवता. म्हणून हे जाहीर पत्र, सोलापुरी चादरींची नक्षी कागदावर उतरवणाऱ्या तुम्हाला.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. माझा कल नेपथ्याकडे. सोबत आर्किटेक्चर केलेली, फाइन आर्टवाली मुलं, आणि मी सोलापूरची बी.कॉम.! राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी हुतात्मा स्मृती मंदिराच्या विंगेत फ्लॅट, म्हणजे चौकटीवर कापड ताणलेल्या नाटकातल्या भिंती, उभे केले होते, तेवढीच शिदोरी.

तिथे 1:25 च्या प्रमाणात ग्राउंड प्लॅन, म्हणजे रंगमंचाचा वरून दिसणारा नकाशा, काढायला बसवलं. कागदावर 4 सेंटिमीटर म्हणजे रंगमंचावर एक मीटर. मला ते परकं वाटलंच नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तुमच्या खोलीत चादरीवरचा मोर आलेखाच्या कागदावर चौकोन-चौकोन भरताना मी कितीदा पाहिलाय. उभी ओळ ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची; आडवी बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्यांची. भरलेल्या चौकोनाला जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, कार्डात भोक, आणि भोक तिथे ताण्याचा धागा वर. एक चौकोन चुकला की मोराची मान तुटायची, तीही प्रत्येक चादरीवर. "भांडायचं ते कागदावर भांड, मागावर नको," हे तुमचं वाक्य मी मॉडेल रूममध्ये इतकं ऐकवलंय की बंगाली मुलंही ते मराठीत म्हणतात.

खरा उपयोग झाला तो गॉझच्या, म्हणजे विरळ जाळीदार कापडाच्या, पडद्याला. समोरून तिरका प्रकाश टाकला की हा पडदा बंद भिंत. समोरचा दिवा घालवून मागचं पात्र उजळलं की पडदा जणू नाहीच. सगळा खेळ विणीचा: प्रकाश धाग्यांवर पडला तर नजर धाग्यांवर अडते, नाहीतर भोकांतून आरपार जाते. वीण दाट झाली की मागचं धूसर, फार विरळ झाली की भिंत फसते.

निघताना तुम्ही ते घडीचं पितळी भिंग माझ्या हातात ठेवलंत, इंचातले धागे मोजायचं. चांदणी चौकात मी ते कापडावर टेकवून मोजायला लागले, तर दुकानदाराने मुकाट्याने आतला तागा काढला. दिल्लीत इतका मान मला दुसऱ्या कोणी दिला नाही!

गड्ड्याच्या यात्रेला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, सोलापूरला येतेय. भिंग सोबत असेल, पण परत द्यायला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुमची,
शेजारच्या गल्लीतली