टॉर्चवर तळहात धरणाऱ्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. परवा संध्याकाळी तुमच्या बांधावर गुडघा धरून बसलेली ती बाई मी.

पक्षी बघायला आलेला आमचा 12 जणांचा गट. नेणाऱ्यांना यादी वाढवायची घाई. खाटीक दिसला, गप्पीदास दिसला, की टिपला आणि पुढे. मी मागे राहिले, कुणी वळूनही पाहिलं नाही. गेल्या हिवाळ्यात तर दुसऱ्या एकांनी फोटोसाठी गाडी थेट गवतात घातली आणि रात्रीपुरते टेकलेले सगळे पक्षी उठवले. मी त्याच गाडीत होते. बोलले नाही, ते अजून सलतं.

तुम्ही पोतं अंथरलंत. म्हणालात, "बसा ताई, ऊन गेलं की येतात ते." आणि आले! आधी एक, मग तीन. पंख किंचित वर उचलून, गवताच्या शेंड्यांवरून तरंगत. राखाडी नर, तपकिरी माद्या, मादीच्या शेपटीच्या मुळाशी तो पांढरा पट्टा. मोंटेग्यूचे भोवत्या, गवताळ माळावरचे शिकारी पक्षी. कझाकस्तानसारख्या लांबच्या गवताळ मुलखातून येतात, दिवसभर नाकतोडे टिपतात आणि झाडावर नाही, जमिनीवर झोपतात. तुमच्या पडीक तुकड्यात मी 17 मोजले. तुम्ही म्हणालात, काल जास्त होते.

पण मला रडू आलं ते परतताना. तुम्ही टॉर्च लावलीत आणि लगेच काचेवर तळहात धरलात. बोटांच्या फटींतून लालसर उजेड, जेमतेम माझ्या पावलापुरता. पडिकाच्या कडेची जवळची वाट सोडून लांबच्या बांधानं नेलंत. "जवळून गेलं की उठतात. मग अंधारात जातील कुठं?" रोज असेच जाता, हे बोलता बोलता कळलं. माझ्यासाठी सारखे थांबत होतात, आणि दर वेळी आभाळाकडे बघत होतात, जणू चांदण्याच बघायला थांबलात.

पक्ष्यांची नावं पाठ असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. तुम्ही त्यांना नुसते 'ते' म्हणत होतात. आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून दिवसभर राबलेल्या पायांनी रोज लांबचा फेरा घालता. असं वागणं कुणी शिकवून येत नाही, काका. मनापासून आभार.

उन्हं तापायला लागली की ते उत्तरेला निघतील. त्याआधी येईन, एकटीच. पोतं या वेळी मी आणीन, तुमच्यासाठीही.