दाखलवहीतून डेटाबेस शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च जवळ आला की बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरच्या मुलांची प्रकल्प जमा करायची घाई सुरू होते. माझी भाचीही त्यातलीच. तिच्या वर्गातली काही मुलं शहरातल्या दुकानातून तयार प्रकल्प विकत आणत होती. वर आपलं नाव घालायचं, बाइंडिंग करायचं आणि जमा करायचं. तिनेही त्यासाठी घरी चार हजार मागितले होते. डेटाबेसच्या, म्हणजे संगणकात नीट मांडून ठेवलेल्या नोंदींच्या, पेपरात तिला ७८ गुण होते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात ३१ वर्षं ग्रंथपाल आहे. मी म्हटलं, पैसे राहू देत, आपल्या वाचनालयाची देवघेव संगणकावर आणून दे.

पहिल्या संध्याकाळी तिने एकच टेबल, म्हणजे रकाने आणि ओळींचा तक्ता, काढलं. सभासदाचं नाव, पत्ता, फोन आणि पुढे पुस्तक १, पुस्तक २, पुस्तक ३. आमच्याकडे जादा अनामत भरणारे सभासद पाच पुस्तकं नेतात, हे सांगितल्यावर म्हणाली, "मावशी, मग अजून दोन रकाने वाढवू." नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे तेच ते रकाने न वाढवता माहिती वेगवेगळ्या टेबलांत वाटण्याच्या, व्याख्या तिने मला घडाघडा म्हणून दाखवल्या होत्या. त्या जी टाळायला सांगतात, समोरच्या टेबलात नेमकी तीच चूक आहे, हे मात्र तिला दिसत नव्हतं. यात मी तिला दोष देत नाही. तिने तीन वर्षांत खरी नोंदवही एकदाही हातात घेतली नव्हती. पुस्तकातली उदाहरणं सगळी एम्प्लॉयी आणि डिपार्टमेंटची.

दुसऱ्या दिवशी मी तिला देवघेवीच्या खिडकीशी बसवलं. आम्ही अजून ब्राऊन पद्धत वापरतो. प्रत्येक पुस्तकाच्या आत त्याचं एक कार्ड असतं, सभासदाकडे खिशासारखी तिकिटं असतात. पुस्तक गेलं की त्याचं कार्ड सभासदाच्या खिशात सरकवायचं आणि जोडी परतीच्या तारखेच्या मागे ट्रेमध्ये लावायची. तासाभराने ती एकदम म्हणाली, "म्हणजे पुस्तक एक टेबल, सभासद दुसरं, आणि ही ट्रेमधली जोडी तिसरं!" बरोबर तेच. सभासद पाच पुस्तकं नेवो की पन्नास, रकाने वाढत नाहीत, तिसऱ्या टेबलात ओळी वाढतात. तिला आणखी एक गोष्ट सुचली, जी मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. पुस्तक परत आलं की आम्ही जोडी मोडतो, कार्ड पुस्तकात, तिकीट सभासदाला, आणि त्या देवघेवीचा मागमूस राहत नाही. तिने ओळ पुसली नाही, फक्त परतीची तारीख भरली. आज एखादं पुस्तक वर्षात किती जणांनी वाचलं, हे मी खरेदी समितीला एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, दाखवू शकते.

प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची दुसऱ्या कुणाची नसलेली ओळख, काय असते हेही तिला दाखलवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवायच्या वहीत, सापडलं. आमच्याकडे प्रत्येक प्रतीला दाखल अंक असतो. एकाच कादंबरीच्या चार प्रती असल्या तर चार अंक. पुस्तक हरवलं, बाद झालं, तरी त्याचा अंक दुसऱ्याला द्यायचा नाही, हा मला पहिल्याच महिन्यात शिकवलेला नियम. मग शीर्षकाचं टेबल वेगळं आणि प्रतींचं वेगळं, हे तिने आपणहून केलं.

ही सगळी रचना ई. एफ. कॉड या गणितज्ञाने आयबीएममध्ये असताना १९७० साली एका निबंधात मांडली. माहिती यंत्रात कुठे, कशी ठेवली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असायची गरज पडू नये, हा त्याचा आग्रह होता. भाचीने हे मला वाचून दाखवलं तेव्हा मला आमची पुस्तकांची तालिका (कॅटलॉग) आठवली. पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे वाचकाला आधी माहीत असावं लागत नाही.

एसक्यूलाइट हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो आणि आमच्या जुन्या संगणकावर तो सुखाने चालतो. त्यावर तिने पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पडद्यावरची तीन पानं बांधली. एक शोधाचं, एक देवघेवीचं, एक मुदत उलटलेल्या पुस्तकांचं. खरं शिक्षण इथून पुढे झालं. एका पुस्तकाच्या नावात एकेरी अवतरणचिन्ह होतं, ते शोधताच पान मोडलं. तिने शोधशब्द थेट क्वेरीच्या वाक्यात चिकटवला होता, त्यामुळे त्या चिन्हापाशीच वाक्य तुटलं. याच फटीतून कुणी सगळी यादी चोरू शकतो, हे तिला त्या दिवशी उमगलं. मग क्वेरीत शब्दाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून शब्द वेगळा पाठवायला ती शिकली. एकदा तर अस्तित्वातच नसलेल्या सभासद क्रमांकावर पुस्तक नोंदलं गेलं. फॉरेन की, म्हणजे हा क्रमांक सभासदांच्या टेबलात असलाच पाहिजे ही अट, लिहिलेली होती, पण एसक्यूलाइटमध्ये ती तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक जोडणीला ती चालू करावी लागते.

आणि मराठी! यादी अकारविल्हे लावली तर 'काळ' हा शब्द 'कावळा'च्या आधी आला. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या, क्रमात ळ हे ल च्या लगेच पुढे बसवलेलं अक्षर आहे. आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येतं, म्हणून कोशात आधी कावळा, मग काहूर, मग काळ. वाचनालयात हा फरक चालत नाही, माणूस चुकीच्या पानावर शोधून रिकाम्या हाताने परत जातो. 'ॲड.' मधलं ॲ हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकित होतं, दिसायला सारखं, शोधायला वेगळं. आमचे एक वकील सभासद त्यामुळे यादीतून गायब झाले होते. यातला एकही प्रश्न तिच्या अभ्यासक्रमात नव्हता. महाराष्ट्रात शिकणाऱ्या मुलांना तो शिकवायला नको का?

माझी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना कळकळीची विनंती आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प जवळपासच्या एका खऱ्या वहीवर करायला लावा. वाचनालय, बचत गट, दूध संकलन केंद्र, पाणीपट्टीची नोंद, वह्या गावोगाव पडून आहेत. गुण देताना परीक्षकांनी वहीच्या मालकाला फोन करून एकच विचारावं, अजून वापरता का? विकत आणलेला प्रकल्प या प्रश्नापुढे टिकणार नाही. एक काळजी मात्र घ्यावी. सभासदांचे पत्ते आणि फोन मुलांच्या हाती देऊ नयेत, बनावट नावं घालून सराव करावा. आमच्या भाचीनेही तसाच केला, खरी नावं मी स्वतः भरली.

तिचा प्रकल्प वर्ष झालं, रोज चालू आहे. दाखलवहीतले पहिले ६,००० अंक संगणकावर आले, अजून ८,००० बाकी आहेत. जवळच्या महाविद्यालयांनी दोन-तीन मुलं पाठवली तर मी त्यांना खिडकीशी बसवायला तयार आहे. सोमवार सोडून रोज सकाळी आठ ते अकरा मी तिथे असते.

आपली,
एक ग्रंथपाल, जि. सांगली