टेबलाखालच्यांचं काय?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकेतल्या एमआयटी कॉलेजच्या मॉडेल रेल्वे क्लबवरचा (टेबलावर छोटी रेल्वे मांडून चालवणाऱ्या पोरांचा) पानभर लेख वाचला. फोटो झकास आहेत, ते आधी सांगून टाकतो. पण डोंगर, बोगदे, इवलीशी झाडं, इंजिनाचा रंग एवढ्यावरच लेख संपवून लेखक महाशय "हौशी मुलांचा खेळ" म्हणून मोकळे झाले, ते वाचून माझा चहा गार झाला. तेव्हाच लिहायला बसलो होतो, बायको म्हणाली एक दिवस जाऊ द्या, डोकं शांत होईल. गेला एक दिवस. नाही झालं.

मी रेल्वेत सिग्नल खात्यात ३३ वर्षं काढली. त्यामुळे त्या लेखात जे नाही तेच मला आधी दिसलं. १९४६ साली निघालेला हा क्लब बिल्डिंग २० मध्ये होता, म्हणजे युद्धात रडारच्या कामासाठी घाईघाईत ठोकलेल्या लाकडी इमारतीत, आणि ती तात्पुरती इमारत १९९८ पर्यंत उभी होती (आपल्याकडे पक्की बांधलेली सोसायटी त्याच्या आत रिडेव्हलपमेंटला जाते). तिथे पहिल्यापासून दोन पार्ट्या. एक वर बसून डबे रंगवणारी, डोंगर बनवणारी. दुसरी सिग्नल आणि पॉवरवाली, ती टेबलाच्या खाली. टेलिफोन एक्स्चेंजचे रिले, म्हणजे विजेने आपोआप चालू-बंद होणारे स्विच, आणि हीऽऽ वायरींची जाळी. रुळाचा कुठला तुकडा आपल्या ताब्यात हवा तो नंबर चक्क टेलिफोनच्या डायलवर फिरवायचा आणि मग गाडी हाकायची, हे १९५० च्या दशकात! पोरांनी! याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही. झाडांवर मात्र अख्खा परिच्छेद.

लेक बोस्टनला होती तेव्हा त्यांच्या ओपन हाऊसला मी गेलोय म्हणून बोलतोय. कुणीही जाऊन बघू शकतं, लहान पोरं खांद्यावर घेऊन माणसं येतात. कॉलेजच्याच ग्रीन बिल्डिंगचं मॉडेल आहे, त्याच्या खिडक्यांच्या दिव्यांवर पब्लिक टेट्रिस खेळतं, सगळी गर्दी तिथे. मी खाली वाकलो. एका पोराने विचारलं काही पडलं का, म्हटलं नाही रे बाबा, रेल्वेचा सिग्नलवाला आहे, वायरिंग बघतोय. त्याने स्टूल आणून दिलं आणि तासभर सगळं दाखवलं, लेक बाहेर ताटकळत. पूर्वी म्हणे लेआउटवर, म्हणजे त्या छोट्या रेल्वेच्या मांडणीवर, ४० तास काम केलं की मेंबरला खोलीची चावी मिळायची. मला आमची रिले रूम आठवली. तिला दोन कुलपं, एक चावी मास्तरकडे, एक आमच्याकडे, दोघं असल्याशिवाय दार उघडत नाही.

आता मूळ दुखणं. घाटाखालच्या एका जंक्शनला असताना जुलैच्या एका रात्री यार्डात पाणी भरलं, ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते सांगणारं) फेल, पॉइंटची (रूळ बदलायची) मोटर पाण्याखाली. मी आणि माझा खलाशी (रेल्वेत मदतनिसाला असंच म्हणतात) गुडघाभर पाण्यात, तो छत्री माझ्यावर नाही, मेगरवर (वायरींचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर) धरून, कारण मी भिजलो तर चालतं, मेगर भिजून चालत नाही. पहाटे पावणेपाचला सिग्नल पिवळा झाला, म्हणजे अडकलेल्या गाडीला जपून पुढे जायची परवानगी. दुसऱ्या दिवशी एका पेपरात फोटो कोणाचा? ड्रायव्हरचा, हार घालून, "चालकाचे प्रसंगावधान". ड्रायव्हर बिचारा सज्जन, स्वतःच मला म्हणाला, साहेब मी तर झोपलो होतो हो केबिनमध्ये, तुम्ही सिग्नल दिलात तेव्हा उठलो. खलाशाने ते कात्रण वहीत चिकटवून ठेवलं, का ते विचारू नका.

म्हणजे पेपरवाल्यांना टेबलाखालचा माणूस दिसत नाही हे जुनंच आहे, इथे काय नि अमेरिकेत काय.

आणि गंमत बघा, तुमच्या त्याच रविवारच्या अंकात पान ५ वर "हॅकरने खाते साफ केले". अहो, तो हॅक शब्द आज ज्या अर्थाने कॉम्प्युटरवाले वापरतात तो याच टेबलाखालच्या पोरांच्या तोंडचा! डोकं लढवून, मजा म्हणून केलेली करामत म्हणजे हॅक. १९५९ साली त्यांच्यातल्या पीटर सॅमसनने क्लबच्या बोलीचा कोश केला, त्यात तो आहे. चोराला चोर म्हणा की, मराठीत शब्द आहे.

ता. क. : फोटोखाली छापलंय की १६.५ मिमीचा रूळ ही "आपल्या रुळाचीच हुबेहूब प्रतिकृती". आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. ही मॉडेलं खऱ्याच्या ८७ पट लहान, म्हणून भागिले ८७ करा, सव्वाएकोणीसच्या वर येतं. १६.५ हे तिकडच्या १४३५ मिमीच्या रुळाचं. आणि कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून आहे, त्याला खालच्या चौकटीत दोनच ओळी? शुद्धिपत्र पहिल्या पानावर नको, शब्दकोड्याशेजारी छापलंत तरी चालेल, तिथे सगळे बघतात.

आपला,
एक रिटायर्ड सिग्नलवाला, डोंबिवली