कोणता उंदीर आणि कोणता जंत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत जंतांवर एक लेख आला होता. ‘उंदराचं शरीर दहा दिवसांत जंत स्वतःच बाहेर टाकतं, मग आपल्या पोरांना गोळी कशाला?’ असा त्याचा एकूण सूर. त्या कात्रणाचा फोटो आमच्या गावात मोबाईलवरून फिरला. जंताच्या गोळीबद्दल सांगायला आलेल्या आशाताईंना दोन घरांत तोच दाखवण्यात आला. म्हणून हे लिहितोय.

मराठीत आपण लहान-मोठ्या सगळ्यांना उंदीरच म्हणतो, फार तर घूस तेवढी वेगळी काढतो. प्रयोगशाळेत मात्र मोठा तो रॅट वेगळा आणि छोटा तो माऊस वेगळा. सगळी मेख तिथंच आहे. बी.एस्सी.ला असताना आम्ही कणगीत सापडलेला एक मोठा उंदीर चिरला होता. आतड्यातून लेंग्याच्या नाडीसारखी पांढरी, चपटी फीत निघू लागली ती संपेचना. सरांनी नाव सांगितलं, हायमेनोलेपिस डिमिन्यूटा. धान्यातल्या किड्यांमधून तो उंदराच्या पोटात जातो. उंदीर मात्र चांगला गुबगुबीत होता! रॅटच्या पोटात असे एक-दोन जंत असले तर ते त्याच्या जन्माला पुरतात. तोच जंत माऊसला दिला तर दोनेक आठवड्यांत हुसकला जातो. जंत तोच, फक्त घर बदललं.

लेखातला दहा दिवसांचा जंत म्हणजे निपोस्ट्राँगायलस, मूळचा रॅटचा, माऊसच्या पोटात पाहुणा. त्याची अळी कातडीतून शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात येते आणि गिळली जाऊन आतड्यात पोचते. माणसाचा हूकवर्म (अंकुशकृमी) नेमका याच वाटेने येतो, म्हणून तर संशोधक हा जंत वापरतात. पुढे जे होतं ते मात्र वाचण्यासारखं आहे. आतड्याच्या अस्तरात टफ्ट नावाच्या थोड्याशा पेशी असतात, टोकाला झुपका असलेल्या. जिभेवर चव ओळखण्याची जी यंत्रणा असते, तिचे काही भाग यांच्यातही सापडतात, म्हणजे आतडं जणू जंताची चवच घेतं. जंताची चाहूल लागली की या पेशी इंटरल्युकिन-२५ नावाचं निरोप देणारं प्रथिन सोडतात, हे २०१६ मध्ये एकापेक्षा जास्त प्रयोगशाळांनी दाखवलं. त्या हाकेला अस्तराखालच्या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-१३ ने उत्तर देतात. मग बुळबुळीत स्राव करणाऱ्या पेशी भराभर वाढतात, आतड्यात पाणी सुटतं, स्नायू जोराने आवळतात आणि जंताचे पाय सुटतात (पाय नसतात, पण समजून घ्यावं). रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढतात ते याच धामधुमीत. रक्ततपासणीच्या कागदावर हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल, अर्थात तिथं तो ॲलर्जीमुळेही येतो.

लेखकमहाशय इथंच थांबले. पुढचं पान त्यांनी उलटलं असतं तर हेलिग्मोसोमॉइड्स भेटला असता. हा माऊसचा स्वतःचा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा जंत. तो महिनोन्‌महिने हलत नाही. शरीर लढत नाही असं नाही, पण हा जंत अशी प्रथिनं सोडतो की लढाईला आवर घालणाऱ्या पेशीच वाढतात. त्यातलं एक प्रथिन शरीराच्याच शांत करणाऱ्या संदेशाची नक्कल करतं, हे २०१७ मध्ये उजेडात आलं. औषधाने मोकळा केलेला माऊस दुसऱ्या खेपेला हाच जंत बऱ्यापैकी परतवतो, हेही खरं. माणसाला हूकवर्मविरुद्ध असं भरवशाचं संरक्षण मिळत नाही. गोळी घेतली तरी चिखलातून पुन्हा लागण होते, आणि एकदा बसलेला हूकवर्म वर्षानुवर्षं रक्त पीत राहतो. तेव्हा दाखला द्यायचाच तर तो दहा दिवसांत पळणाऱ्या पाहुण्याचा नको, मुक्काम ठोकणाऱ्याचा द्या.

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात हे जरा जास्तच लागू आहे. पावसात रोप लावणीला बाया दिवसदिवस अनवाणी चिखलात असतात. पायाला खाज सुटली की ‘चिखल्या झाल्यात’ म्हणून तेल-हळद लावतात. बहुतेक वेळा चिखल्याच असतात, पण बांधाच्या आडोशाला बसायची सवय अजून सगळ्यांची सुटलेली नाही, आणि अळ्या तिथल्याच ओल्या मातीत वाढतात.

मी शाळेत शिकवत असताना गोळीच्या दुसऱ्या दिवशी सातवीच्या खिडकीखाली झाडताना अर्धवट चावलेल्या अकरा गोळ्या मोजल्या होत्या. पोरांना ओरडलो नाही. घरी पाठवलेलं पत्रक निव्वळ कानडीत होतं, आयांना ते वाचता येत नव्हतं, आणि ‘जंतुहुळ’ (कानडीत पोटातले जंत) या एका शब्दावरून त्यांनी काय अर्थ लावला असेल तो असेल. जंतनाशक दिन २०१५ पासून चालू आहे, पण कसली गोळी हे मराठीत सांगायला कुणी सवडीने बसलेलं मी तरी पाहिलं नाही.

ऑगस्टची फेरी तोंडावर आहे. तेवढ्यात एक छोटी चौकट छापाल का? गोळी अल्बेंडाझोलची, १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यातून. बाकीच्यांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण, चावून; तीन वर्षांच्या आतल्यांना मात्र तीही चुरून पाण्यातून. आजारी मूल असेल तर त्या दिवशी थांबायचं, बरं झाल्यावर द्यायची. आणि शक्य झालं तर चौकट त्याच पानावर द्या, ज्यावर तो लेख होता. त्याच पानाचा फोटो घरोघरी गेला आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव