दादाच्या नावावरची बाकी

पुणे, 6 जुलै 2025
आषाढी एकादशी

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोन होत असताना पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलं, असं आईच्या मनात पाकीट बघूनच आलं असेल. काही बिनसलेलं नाही. आम्ही दोघं ठणठणीत आहोत, जावयांचा खोकलाही गेला. फोनवर सांगायला मी चारदा सुरुवात केली. चारही वेळा आई ‘जेवलीस का’वर आली आणि माझं राहून गेलं. म्हणून लिहितेय. बाबा, आधी तुम्ही एकट्याने वाचा. मग आईला वाचून दाखवायचं की पत्र तिच्या हातात द्यायचं, ते तुम्ही ठरवा.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सोपी आधी सांगते. मार्चअखेर मी नोकरी सोडली.

लगेच फोन उचलू नका, पुढे वाचा. कोणाशी भांडण नाही, कोणी काढलेलं नाही. त्याच ऑफिसचं जीएसटीचं काम मी आठवड्यातले तीन दिवस घरून करते. पगाराच्या निम्म्याहून थोडं जास्तच हातात येतं. पीएफला हात लावलेला नाही (बाबांचा पहिला प्रश्न हाच असणार). घरभाडं वेळेवर जातं. दुपारी गरम जेवते, डब्यातलं गार नाही. पोळीवाल्या मावशी अजून येतात. उलट आता संध्याकाळी स्वारगेटच्या गर्दीत लोंबकळत यावं लागत नाही, त्यामुळे कंबरही दुखायची थांबली. तीन महिने मी ‘ऑफिसात आहे’ असं तुमच्याशी खोटं बोलले नाही. ‘ऑफिसात नाही’ असंही म्हटलं नाही. तेवढं माझं चुकलं.

नोकरीबरोबर तुमचा कंपनीचा विमा गेला. या एका गोष्टीने मला फेब्रुवारीभर झोप नव्हती. आईची वेगळी पॉलिसी काढली आहे, तिचं कार्ड याच पाकिटात आहे. बाबा, तुम्हाला 70 पूर्ण झाली आहेत, त्यामुळे तुमचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड निघतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, आधारकार्ड लागतं. ‘सरकारी भानगड नको’ म्हणू नका. या आठवड्यात जाऊन काढा, आणि कुठली हॉस्पिटलं यादीत आहेत तेही तिथेच विचारून वहीत लिहून ठेवा. गरज पडल्यावर शोधायला लागू नये.

आता, का सोडली ते. पुस्तक काढलं. माझं. कथांचं.

मी लिहिते हे तुम्हाला माहीत आहे. दिवाळी अंक आला की बाबा माझं पान उघडून टीव्हीशेजारी ठेवतात, तेही मला माहीत आहे. सहा वर्षांत सात कथा छापून आल्या. मानधन दोघांनी दिलं, चौघांनी अंक पाठवला, एकाने अंकही मलाच विकत घ्यायला लावला. मग एका प्रकाशकांकडे गेले. चांगले बोलले, चहा दिला, आणि ‘दोनशे प्रती लेखिकेने घ्यायच्या’ असं चहा संपता संपता सांगितलं. घरी येताना रिक्षात विचार केला, दोनशे मीच घ्यायच्या तर तीनशे मीच का छापू नयेत? बाबा, हा विचार दुकानदाराच्या मुलीचा आहे, तेव्हा रागवायचं तर स्वतःवर रागवा.

हिशेब तुम्हाला लागेलच. डेमी साइझ, 144 पानं, म्हणजे सोळा पानांचे 9 फॉर्म. 300 प्रती. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी सगळं धरून 41 हजार. आयएसबीएन नंबर फुकट मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावावरही मिळतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंमत 220. दुकानातून गेलं तर कमिशन कापून येतं, घरून पाठवलं तर टपाल अंगावर पडतं. तुम्ही गाइडं मागवायचात ते रजिस्टर्ड बुकपोस्ट गेल्या डिसेंबरात बंद झालं, आता त्याच वजनाला दुपटीहून जास्त पडतात. म्हणजे सगळ्या प्रती खपल्या तरी महिन्याभराच्या पगाराएवढे सुटतील की नाही शंका आहे. हे मी तुम्ही सांगायच्या आधीच सांगून टाकते.

त्रास झाला तो अक्षरांचा. मी मोबाइलवर, कम्प्युटरवर लिहिते ते युनिकोड. छापणाऱ्यांनी ते त्यांच्या फॉन्टमध्ये नेलं तर सगळी जोडाक्षरं फुटली. ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘बिचाऱ्या’, सगळ्यांचे ऱ्या विस्कटून बसले. एका कथेत आजी मरते तिथे ‘प्राण’चा भलताच शब्द झाला होता, आम्ही दोघं रात्री एक वाजता वेड्यासारखे हसलो. तीन वेळा मुद्रितं तपासली. तरी चुका असणारच. तुम्ही लाल पेन घेऊन बसाल, बसा.

आता दुसरी गोष्ट.

पुस्तकात अकरा कथा आहेत. आठवी पान 97 वर सुरू होते आणि 108 वर संपते. तिचं नाव ‘उधारी’. ती दादाची आहे.

तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही ‘लिही गो’ म्हणाला असतात आणि रात्रभर ओटीवर बसून राहिला असतात, म्हणून विचारलं नाही. हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. ‘नको’ म्हणाला असतात तर मला थांबावं लागलं असतं.

बाबांची उधारीची वही आठवते ना, लाल कापडी पुठ्ठ्याची? तिच्यात शाळेतल्या मास्तरांच्या पानानंतर एक पान दादाचं होतं. तो गल्ल्याजवळच्या डब्यातून रेनॉल्ड्सची पेनं उचलायचा, ‘माझ्या नावावर मांडा’ म्हणायचा, आणि तुम्ही खरंच मांडायचात. तारीख, नग, रक्कम. निळी शाई, तुमचं ते उभट अक्षर. एकदा त्याने पाच रुपये जमा केले तर त्याखाली तुम्ही सही करायला लावलीत. शेवटची ओळ जुलै 2005 ची होती. बाकी 43 रुपये. पुढे कितीतरी वर्षं, दुकानात कोणी नसताना मी ते पान काढून बघायचे. तुम्ही त्यावर कधी रेघ मारली नाहीत, आणि ते पान कधी फाडलंही नाहीत.

2021 च्या पुरात ती वही गेली. दुकानातल्या सगळ्या वह्यांचा मिळून एकच राखाडी गोळा झाला होता, फावड्याने काढला आपण. मी पुण्याहून पोचले तेव्हा तुम्ही त्यातलंच एक ढेकूळ हातात घेऊन उभे होतात. काय शोधत होतात ते मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली की 43 होते की 47, हे मीही एक दिवस विसरेन. कथा तिथून सुरू झाली.

आणि आई, ट्रंक. 22 जुलैच्या त्या पहाटे पाणी ओटीला लागलं तेव्हा तू देव वर नेलेस, सिलिंडर बाबांनी नेला, तू दोन फेऱ्यांत तांदूळ नेलेस. ट्रंक खाली राहिली. त्याचा शर्ट, बक्षिसाचे कागद, फोटो. चार वर्षं झाली, अजून तू तांदूळ निवडताना मध्येच थांबतेस, मी बघितलंय. आई, तांदूळच न्यायचे असतात. माळ्यावर दोन दिवस तुम्ही दोघं पेजेवर काढलेत, ती त्याच तांदळांची होती.

कथेत काय आहे आणि काय नाही ते सांगते, म्हणजे वाचताना एकदम समोर येणार नाही. गाव चिपळूण नाही, राजापूर आहे. नदी अर्जुना. मुलाचं नाव वेगळं, आणि सांगणारी बहीण नाही, धाकटा भाऊ आहे. ताप आहे. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, आधी सगळ्यांना साधा ताप वाटतो, तेही आहे. 2005 च्या पुरानंतर मुंबईतसुद्धा लेप्टोच्या तापाने माणसं गेली. आपल्यालाच कळायला उशीर झाला असं नाही. आई, तू त्याला दिलेली आल्याची पेज कथेत आहे. चूक म्हणून नाही. त्याने ती वाटी चाटून पुसून संपवली, असं लिहिलंय. त्याने संपवली होती.

बाबा, त्या शनिवारी दुकानातला चिखल काढताना तुम्ही त्याला जे म्हणालात, ते कथेत नाही. गोष्टीतले वडील त्या दिवशी गावातच नाहीत. मी त्यांना मालाच्या कामाला रत्नागिरीला पाठवलंय. आठ वेळा कथा लिहिली, पहिल्या सहा वेळा ते दुकानात होते. तिथे त्यांना उभं ठेवून मला पुढे लिहिता येईना. एका मित्राने वाचून सांगितलं की वडील नसल्यामुळे कथा थोडी लंगडी झाली आहे. असू दे लंगडी.

एक घोळ झालाय. सगळीकडे ‘अर्जुना’ केलं, पान 103 वर एका ओळीत ‘वाशिष्ठी’ तशीच राहिली. तीनशे प्रतींत. मला छापून आल्यावर दिसलं.

लोक ओळखतील का? ओळखतील. मावशी वाचायच्या आधीच रडेल. पेठेतलं कोणी विचारलं तर ‘गोष्ट आहे’ एवढंच म्हणा, खोटं नाही ते. दोन प्रती मी लोटिस्माला देणार आहे. 1864 पासूनचं वाचनालय, दोन पूर खाऊन उभं आहे. वरच्या फडताळात ठेवा, असं सांगूनच देईन. 2013 च्या संमेलनात तुम्ही मला पुस्तकांच्या गाळ्यांतून हाताला धरून फिरवलंत, वीस वर्षांच्या घोडीला, आणि दोन पिशव्या पुस्तकं घेतलीत. त्यातली निम्मी मला कळली नव्हती. तेव्हा बोलले नाही.

जूनमध्ये दुकान आठवतं. आगोटीची, पावसाआधीची कामं आईच्या अंगावर टाकून आपण तिघं रात्री दहापर्यंत दुकानात. तुम्ही तपकिरी कागद कापायचात, दादा कव्हरं घालायचा, मी लेबलं चिकटवायचे, निम्मी वाकडी. झोप आली की मी वह्यांच्या गठ्ठ्यांवर आडवी व्हायचे. कोऱ्या कागदाचा वास आणि बाहेर पागोळ्या. पुस्तकांचे गठ्ठे छापखान्यातून घरी आले तेव्हा मी पहिला खोका उघडला आणि त्यात नाक घातलं. जावई म्हणाले, ‘हे काय?’ त्यांना काय सांगणार?

तुमची प्रत पार्सलात आहे. 97 ते 108 या पानांना मी रबरबँड लावलाय. बाकीचं पुस्तक वाचा, नववी कथा विनोदी आहे, आईला आवडेल. रबरबँड काढायचा की नाही, आणि कधी, हे तुमच्यावर. माझ्यासाठी म्हणून काढू नका. वाचलं नाहीत तर मला वाईट वाटणार नाही. (थोडं वाटेल, पण ते माझं मी बघेन.)

आता ऐका, आणि हे दोघांनी मिळून वाचा.

पाणी भरलेल्या रस्त्यात बाबांनी पाय घालायचा नाही. बोटाला भेग असताना तर नाहीच, साखर आहे तुम्हाला. पार्सलात गमबूट आहेत. ‘शेजाऱ्यांकडे बघून येतो’ म्हणून चपला घालून जायचं नाही. चिखल काढायला माणूस लावा, पैसे मी देईन. ताप आला तर क्रोसिन घेऊन दोन दिवस वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर, आणि ‘पाण्यातून चाललो होतो’ हे त्यांना सांगायचं. लेप्टो होऊ नये म्हणून गोळी असते, ती घ्यायची का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून या. आईने आज निर्जळी केली असेल तर मला कळवू नये, मी चिडेन. बीपीची गोळी उपासाला मोडत नाही. औषधं, विम्याची कार्डं, पासबुकं सगळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आजच माळ्यावर ठेवा. तांदूळही.

गणपतीला मी चार दिवस आधी येते, 23 ऑगस्टला, नोकरी नसल्याचा तेवढा फायदा. 14 ऑगस्टलाही येऊ का? दरवर्षी तुम्ही ‘कशाला उगाच’ म्हणता. या वर्षी वीस होतात. येऊ का, ते कळवा.

पुस्तकाचे 220 रुपये मनीऑर्डरने किंवा जावयांच्या मोबाइलवर पाठवायचे नाहीत. मी ओळखते तुम्हाला. फारच वाटलं तर नवीन वहीत मांडून ठेवा.

तुमची,
बाय

ता. क. गमबूट आठ नंबरचे आहेत. पायमोज्यांसकट बसतात का ते घालून बघा, पावती माझ्याकडे आहे, बदलून मिळतील.